घरचं मस्टर

"नाव राहू द्या, ते पासपोर्टात आहे. मला एवढंच सांगा बाई, वर्षभर तुम्ही होतात कुठे?"

जावई आईच्या शिलाई मशीनच्या पलीकडे, आईच्याच स्टुलावर, चष्मा नाकाच्या टोकावर आणून बसला होता. बस स्टँडावर चौकशीच्या खिडकीत त्याची बावीस वर्षं गेली होती, आणि आतल्या माणसाने बाहेरच्याकडे कसं बघायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आज तो परक्या देशाच्या विमानतळावरचा साहेब होता. मशीनच्या अलीकडे आई पिशवी छातीशी धरून उभी होती. समोर आपला जावई आहे, सकाळी याच माणसाने आपल्या हातचे दोन कप चहा प्यायलेत, हे सगळं कळत असूनही ती पिशवीआड हात चोळत होती.

"माझे... म्हणजे ते... ते आजारी होते," आई म्हणाली.

"ते म्हणजे कोण?"

"हे." आईने खिडकीजवळच्या आरामखुर्चीकडे बोट दाखवलं.

आत्या तोंडावर हात धरून फिस्सकन हसली. "वहिनी, तिथे काय दादाला खुर्चीसकट नेणार आहेस का बोट दाखवायला? नवरा म्हण की सरळ. चाळीस वर्षं झाली लग्नाला, आता कसली लाज!"

"मला कशाला आजारी पाडताय तुम्ही सगळे?" वर्तमानपत्रामागून बाबांचा आवाज आला. "चौतीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा घेतली नाही मी. काढून बघा रेकॉर्ड."

"बाबा, कागदावर आजारी, कागदावर," थोरली म्हणाली. ती जमिनीवर पाय पसरून आईची बॅग भरत होती आणि भरलेलं पुन्हा काढत होती. "तुम्ही गप्प बसा बघू. आई, चल, परत. आणि हात कशाला चोळतेस? चोरी केल्यासारखी दिसतेस."

आईला चोरी केल्यासारखंच वाटत होतं.

तिकडे कायमचं राहायचं कार्ड तिला सहा वर्षांपूर्वी धाकटीमुळे मिळालं होतं. तिकडे ती काही रिकामी बसायची नाही. धुलाईच्या एका दुकानात मागच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, बटणं लावायची. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई, तिला त्यात अवघड ते काय! दरवर्षी दोन-तीन महिने घरी येऊन जायची. या वेळी आली ती रेंगाळली. आधी घराला रंग द्यायचा निघाला, मग थोरलीचा गुडघा धरला, मग म्हणाली एवढा उन्हाळा संपू दे. खरं विचाराल तर तिला इथे बरं वाटत होतं, एवढंच कारण होतं. आणि नेमकं तेवढंच साहेबाला सांगायची सोय नव्हती. बारा महिने पुरे व्हायच्या आत पाय ठेवला नाही तर तिकडचं राहणं तुम्ही सोडलंत असं धरतात, आणि आत ठेवला तरी 'माझं घर तिकडेच आहे' असं काही तोंडून गेलं की संपलं. म्हणून घरच्यांनी बसून एक कारण ठरवलं होतं, नवरा आजारी होता. आठ दिवस घरात हीच तालीम चालली होती आणि आठही दिवस आई त्याच शब्दाला अडखळत होती. तिला खोटं बोलता येत नव्हतं. आजवर कधी गरजच पडली नव्हती.

मशीनवर सुताच्या रिळांना टेकवून ठेवलेल्या फोनमधून धाकटी हे सगळं बघत होती. तिकडे सकाळ होती. तिला आठवा संपत आला होता, नवरा जहाजावर, तो चार महिन्यांनी येणार. तिने पाठीमागे तीन उशा घेतल्या होत्या आणि चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

"आई, तू माझ्याकडे बघून सांग," धाकटी म्हणाली. "साहेब वगैरे विसर. मी विचारते. का राहिलीस गं इतके दिवस?"

"तू विचारलंस तर मी खरंच सांगेन ना," आई म्हणाली.

सगळे हसले. आईसुद्धा हसली.

"पुढे चला," जावई म्हणाला. त्याला हसण्यात वेळ घालवलेला आवडला नाही. "बाई, इथून निघालात ती तारीख?"

"तारीख... यांना माहीत आहे. यांच्या मस्टरात आहे."

"मस्टर नाही चालत साहेबाला. पासपोर्ट द्या इकडे." त्याने पासपोर्ट ओढून घेतला, पानं चाळली, एका शिक्क्यावर बोट ठेवलं आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"हा इकडे उतरल्याचा शिक्का. पंधरा तारीख." त्याच्या आवाजातला साहेब कुठच्या कुठे गेला होता. "म्हणजे तिथून चौदाला निघाल्या. याच महिन्याच्या, गेल्या वर्षीच्या चौदाला. आणि आज अकरा आहे."

"मग?"

"मग काय मग! वर्ष भरतंय ना परवा!" त्याने खिशातून पेन काढलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मशीनवर आपटलं आणि महिन्यांचे दिवस मिळवायला लागला. एकदा केलं, पुन्हा केलं. "आज धरून तीनशे त्रेसष्ट. तेराला तीनशे पासष्ट. आपलं तिकीट बावीसचं आहे!"

आईचा हात आपोआप पिशवीच्या आतल्या खिशाकडे गेला. तो खिसा तिने कालच शिवला होता, दुहेरी शिवण घालून, कार्डाच्या मापाचा. कार्ड जागच्या जागी होतं. ते परवापर्यंतच कार्ड होतं आणि त्यानंतर नुसता प्लॅस्टिकचा तुकडा, हे तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा ती मशीनच्या पायाशी जमिनीवरच बसली.

आता कुणी परका म्हणेल, एवढी साधी तारीख, घरात कुणाच्याच कशी लक्षात नाही? पण त्या घरात तारखा लक्षात ठेवायचं काम चाळीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. एकदा कारखान्याचा भोंगा महिनाभर बंद होता तेव्हा बाबा गेटावर दिसले की लोक कामाला लागायचे, तेव्हापासून त्यांचं नाव भोंगासाहेब पडलं. निवृत्त होताना इतरांनी भेट म्हणून भिंतीवरची घड्याळं घेतली, बाबांनी पाच कोरी मस्टरं मागून घेतली. तेव्हापासून घरच्या सगळ्यांची हजेरी त्यात लागायची. ह म्हणजे हजर, ग म्हणजे गैरहजर. धाकटीच्या ओळीत 'बाहेरगावी ड्यूटी' लिहिलेलं असायचं. आईच्या ओळीत इकडे किती दिवस, तिकडे किती दिवस, महिन्याच्या शेवटी बेरीज, आणि बेरीज पुढच्या पानावर ओढलेली. धाकटीने तिकीट काढताना फोनवर एवढंच विचारलं होतं, "बाबा, आईचे किती झाले?" बाबांनी मस्टर उघडून आकडा सांगितला आणि धाकटीने तो देवाचा शब्द असल्यासारखा धरला. पासपोर्ट उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

"बाबा," थोरली आवाज शांत ठेवायचा प्रयत्न करत म्हणाली, "मस्टराप्रमाणे आज कितवा?"

"तीनशे एकावन्न," बाबा लगेच म्हणाले. "चौदा दिवस हातात आहेत. त्यातले तीन राखून तिकीट काढलंय. चूक असायचं कारण नाही."

"कारण नाही कसं? हे बघा की शिक्का!"

"तू का नाही बघितलास गं आधी?" फोनमधून धाकटी ओरडली. "तू तिथे आहेस ना? पासपोर्ट तुझ्या कपाटात आहे ना? मी इथून काय काय बघू? तेव्हा मी घर बदलत होते, मला आई महिनाअखेरीला गेली असंच आठवतंय."

"हो, सगळं मीच बघायचं! आईचा पासपोर्ट मी, बाबांच्या गोळ्या मी, आणि तुझं तिकीटही मीच? तिकीट तू काढलंस, तुझ्या सोयीने काढलंस."

"माझ्या सोयीने? माझे दिवस भरत आलेत, ताई!"

"अगं हळू, हळू, तिचा रक्तदाब," आई म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"मी म्हणते जाऊच नका," आत्याने मधे तोंड घातलं. ती पहिल्यापासून या जाण्याच्या विरोधात होती, आणि तिला कधी नव्हे ती संधी मिळाली होती. "तिकडे ठेवलंय काय? बोललेलं कळत नाही, शेजारी कोण ते माहीत नाही. दादाचं जेवण इथे मी बघायचं आणि वहिनी तिकडे परक्यांच्या पँटी कापणार. गेलं कार्ड तर जाऊ दे. सुटलात म्हणा!"

"आत्या म्हणतात त्यातही तथ्य आहे," जावई म्हणाला. थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो घाईने पुढे बोलला, "म्हणजे न जाणं नाही म्हणत मी. कार्ड सोडून द्यायचं आणि पाहुणी म्हणून जायचं. बाळंतपण करायचं, परत यायचं. ना तालीम, ना साहेब, ना ही धडधड."

"पाहुणी म्हणून अर्ज केला तर नंबर कधी लागेल, माहिती आहे का तुम्हाला?" धाकटी रडायला लागली होती. "तोवर बाळ चालायला लागेल. आणि बाबांचा अर्ज आईच्या कार्डावर आहे. आईचं गेलं की बाबांचाही गेला. मग आमची भेट काय फोनमध्येच का आयुष्यभर? मी एकटी आहे हो इथे. मला दुखायला लागलं तर कुणाला हाक मारू मी?"

आत्याने फोन रिळांना नीट टेकवून ठेवला.

सगळ्यांचं लक्ष आरामखुर्चीकडे गेलं. बाबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली होती आणि ती मांडीवर ठेवून ते त्या घडीकडेच बघत होते.

"निघाल्याचा दिवस धरत नाही मी," ते म्हणाले. "आणि पोचल्याचा दिवसही. कारखान्यात तसंच होतं. माणूस अर्ध्या पाळीला आला तर त्या दिवसाची हजेरी लागत नाही. प्रवासातला माणूस कुठेच हजर नसतो."

जावयाने मांडीवर थाप मारली. "बघा! हे आहे होय! अहो बाबा, विमानतळावर कारखान्याचे नियम चालवलेत तुम्ही!"

"हद्द झाली बाबा तुमची," थोरली म्हणाली, आणि राग असूनही तिला हसू आलं. फोनमधली धाकटीही डोळे पुसत हसली. चुकीला कारण सापडलं, आणि ते अगदी बाबांना शोभेल असं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग एकच धावपळ उडाली. जावई तिकिटाच्या मागे लागला. धाकटी तिकडून, हा इकडून. उद्या पहाटेच्या विमानात एक जागा होती, वाटेत विमान बदलायला बराच वेळ थांबूनही आई तेराला दुपारी तिकडे पोचत होती, वर्ष भरायच्या आत. थोरली बॅग बंद करायला बॅगेवर बसली. आत्या कुरकुरत चहा टाकायला गेली.

आई एकटी जागच्या जागी बसून राहिली.

निघाल्याचा एक, पोचल्याचा एक. दोन झाले. तीनशे एकावन्न आणि तीनशे त्रेसष्ट, फरक बारा. काजं करणाऱ्या बाईला मोजायची सवय असते. शर्टाच्या पट्टीवर सात काजं सारख्या अंतरावर बसवायची म्हणजे डोक्यात सतत मोजणी चालू ठेवावी लागते, आणि ती सवय काही केल्या सुटत नाही. उरलेले दहा कुठे गेले?

ती उठून आतल्या खोलीत गेली. मस्टर टेबलावर होतं, हिरव्या कापडी बांधणीचं, शेजारी पट्टी आणि दोन रंगांची पेनं. बारा वर्षांत तिने ते कधी स्वतः उघडलं नव्हतं. ती उघडायची वस्तूच नव्हती, यांची होती. अक्षर सुरेख, रकाने पट्टीने आखलेले, कुठे खाडाखोड नाही. तिने गळ्याशी टोचून ठेवलेली सुई काढली आणि टोकाने स्वतःची ओळ एकेक घर मोजत गेली. ह, ह, ह, ह. पाचव्या महिन्यात एक घर रिकामं सापडलं. मग दोन महिने काही नाही. मग एका आठवड्यात दोन. गेल्या महिन्यात चार, ह्या महिन्यात कालपर्यंतच्या दहा दिवसांत तीन. रिकामी घरं दहा. बेरजा मात्र बरोबर होत्या, जेवढे ह तेवढीच बेरीज.

अशी कशी घरं राहिली? ती तर त्या दिवशी इथेच होती. तिने सुई वरच्या ओळीवर नेली. सगळ्यात वरची ओळ बाबांची स्वतःची. त्या ओळीत वर्षानुवर्षं ह सोडून काही पडलं नसेल. ज्या ज्या दिवशी आईचं घर रिकामं होतं, त्या त्या दिवशी बाबांच्या घरात लाल पेनाने ग लिहिलं होतं.

गैरहजर. दहा वेळा.

सगळ्यात आधी कळलं ते आईच्या हातांना. सुई खाली पडली. एका सकाळी हे नवा शर्ट घालून, भांग पाडून दारात उभे राहिले होते आणि म्हणाले होते, डबा दे लवकर. "निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आता कुठला डबा?" असं म्हणून ती पोट धरून हसली होती. तेही हसले होते. तो गुरुवार होता. तिने पानावर गुरुवार शोधला. ग होतं. एकदा यांनी एकाच सकाळी दोनदा दाढी केली, तेव्हा तिने चेष्टा केली होती, कुणाला बघायला जायचंय की काय. तोही दिवस तिथे होता, लाल.

"बघितलंस," मागून बाबा म्हणाले.

आई वळली. ते चौकटीला धरून उभे होते. बाहेर जावई फोनवर कुणाला तरी आसनाचा क्रमांक मोठमोठ्याने सांगत होता.

"अहो, हे काय आहे? या दिवशी तुम्ही गेला होतात कुठे? घरातच तर होतात माझ्यासमोर."

"घरात होतो. हजर नव्हतो." ते आत येऊन पलंगावर बसले. "सकाळी उठल्याचं आठवतं आणि मग एकदम दिवे लागलेले. मधलं काही माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी मस्टर घेऊन बसलो की काय लिहू? मी नव्हतो तर मला ह कसं लावायचं? आणि हजेरी घेणाराच जागेवर नाही, तर तुझी तरी कोण लावणार? खोटी हजेरी मी कुणाची लावली नाही गं. सख्ख्या भावाचीही नाही लावली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"वाटलं एकदा झालं, होतं असं वयात. मग पुन्हा झालं. मग भीती वाटायला लागली. बोललो की ते खरं होईल असं वाटायचं." बाबांनी पट्टी उचलली, सरळ केली, परत ठेवली. "धाकटीने आकडा विचारला तेव्हा मी बेरीज सांगितली. बेरीज बरोबर होती. दहा घरं मोकळी आहेत हे त्या वेळी सुचलंच नाही मला. शिक्का बघेपर्यंत नाही सुचलं. टाइमकीपरला सुचलं नाही, बघ."

आई त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात धरला. असा दिवसाढवळ्या, बाहेर सगळे असताना, तिने कधी धरला नव्हता.

"मी जात नाही," ती म्हणाली.

"जा."

"अहो, कशी जाऊ?"

"बाहेर कळलं तर थोरली आत्ता तिकीट फाडेल. मग धाकटी तिकडे एकटी. आणि दोघी बहिणींचं कायमचं तुटेल, दोष माझ्या डोक्यावर. तो आठवायला मी राहिलो नाही तरी त्यांना आठवेल." बाबांचा आवाज बारीक झाला. "जा, पोरीचं बाळंतपण कर. पण मला भीती वाटते गं. फार भीती वाटते. तू परत आलीस आणि मी ओळखलं नाही तर?"

"मलाही वाटते," आई म्हणाली. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण जे बोलणार होती ते खोटं होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलं नाही. दोघं हात धरून बसून राहिली.

बाहेरून थोरलीची हाक आली, "आई! झालं तिकीट! ये बाहेर, शेवटची एक तालीम!"

आई उठली. तोंडावर पाणी मारून ती आधी स्वयंपाकघरात गेली. आत्या कपांत चहा ओतत होती.

"वन्सं," आई म्हणाली, "उद्यापासून तुम्ही इथे राहायला या. मी येईपर्यंत."

"रात्री माझ्या घरी माझी मी बरी. दादाला काय दोन वेळचं गिळायला..." आत्याने मान वर केली आणि आईचा चेहरा बघितला. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. आत्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण डोळे शाबूत होते, आणि गेल्या आठवड्यात दादाने तिला अर्धा तास आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली होती, तेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"येते," आत्या खालच्या आवाजात म्हणाली. "आज सामान आणते. कारण विचारत नाही."

"रोज सकाळी त्यांच्याबरोबर मस्टर घेऊन बसा. माझं घर मोकळं राहू देऊ नका."

"नाही राहू देणार. तू जा वहिनी. नीट जा." आणि दुपारभर जाऊ नका म्हणणाऱ्या आत्याने ट्रे उचलला आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

जावई पुन्हा मशीनमागे बसला होता. तिकीट मिळाल्यामुळे त्याला चांगलाच हुरूप आला होता. थोरली बंद बॅगेवर बसली होती. धाकटी फोनमधून पुढे वाकून बघत होती. बाबा येऊन आरामखुर्चीत बसले, मस्टर मांडीवर घेऊन. आई पिशवी धरून उभी राहिली.

"हं. बाई, तीनशे पासष्ट दिवस. इतका काळ बाहेर का राहिलात?"

"माझा नवरा आजारी आहे," आई म्हणाली.

एकही अडखळ नाही. थोरलीने मान वर केली.

"काय होतंय त्यांना?"

"त्यांचे दिवस हरवतात. घरात असतात, माझ्यासमोर बसलेले असतात, पण ते तिथे नसतात. आयुष्यभर दुसऱ्यांचा वेळ सांभाळला त्यांनी. आता स्वतःचा सांभाळता येत नाही. मला आधी कळलं नाही. मी हसले. आता मला त्यांची भीती वाटते आणि त्यांच्यासाठी भीती वाटते, म्हणून माझा पाय निघत नव्हता."

जावई उठून टाळ्याच वाजवायला लागला. "नंबर एक! अहो आई, आठ दिवस कुठे लपवलं होतंत हे? साहेब रडेल, साहेब!"

"बाई गं, माझ्या अंगावर काटा आला," थोरली म्हणाली. "इतकं कुठून सुचलं तुला? बाबा, बघा, तुम्हाला किती आजारी पाडलं!"

फोनमधून धाकटीही हसत टाळ्या वाजवत होती. बाबा हसले. आत्या हातातला ट्रे धरून दारातच उभी होती आणि तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"फक्त एक," जावई बोट वर करत म्हणाला. "इतकं सांगितलंत तर तो लगेच विचारणार. मग इतक्या आजारी माणसाला सोडून आलात कशा? काय सांगाल?"

आईने पिशवी आणखी घट्ट धरली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आता बरे आहेत, असं सांग," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आता ते अगदी बरे आहेत, म्हणून आले. म्हण बघू."

"आता... आता ते..." आई म्हणाली. "आता ते ब..."

"झालं! परत अडखळली!" थोरलीने कपाळावर हात मारला. "अगं आई, एवढं अवघड धडाधडा म्हणालीस, आणि सोप्या वाक्याला घोडं अडलं?"

"हरकत नाही, हरकत नाही," जावई म्हणाला आणि चष्मा पुन्हा नाकाच्या टोकावर आणला. "रात्र आहे अजून. परत म्हणा, आई."

बाबांनी मस्टर उघडलं, आजचं घर शोधलं आणि आईच्या ओळीत काळजीपूर्वक ह लिहिलं. मग आपल्या ओळीतही लिहिलं. पेनाला टोपण लावून त्यांनी मान वर केली आणि तिला डोळ्यांनीच म्हणाले, म्हण.

"आता ते बरे आहेत," आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.